बत्तीस तारखेचं पान

बाबा, ऑफिसात सध्या माझ्याकडे एक काम आलंय, ते ऐकून तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत. कंपनीच्या जुन्या फाइल्स शोधून देणारं सॉफ्टवेअर निवडायचंय, आणि ते निवडणार मी. तीन सॉफ्टवेअर ट्रायलवर आली आहेत. एक फक्त फाइलचं नाव शोधतं, पण चुटकीसरशी. दुसरं फाइलच्या पोटात शिरून शब्द शोधतं, जुन्या फॉन्टमधली मराठीसुद्धा वाचतं. तिसऱ्याला सरळ प्रश्न विचारायचा, ते सगळं वाचून उत्तर देतं. ते विकायला आलेला माणूस आम्हाला म्हणाला, आता तुम्हाला आयुष्यात काही नीट लावून ठेवायची गरज नाही. मीटिंगमधले सगळे खूश झाले. मीही मान डोलावली. हेच वाक्य मी तुम्हाला एडिसन गावातल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवलं होतं, आणि तेव्हा ते विकत घ्यायला तुम्ही तयार नव्हतात.

तुमचा कम्प्युटर स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या टेबलावर. सगळं जग माउस धरून बसलं तरी तुम्ही आपले काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कमांड टाइप करताय. वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात दिवस. सातवीत असताना माझा सायन्सचा रिपोर्ट त्यात कुठेतरी हरवला आणि मी रडायला लागले, तेव्हा तुम्ही जागचे हललाही नाहीत. "शोधायला लागतंय म्हणजे तू ठेवलं नव्हतंस, टाकलं होतंस," एवढं बोललात आणि पुन्हा पेपरात डोकं घातलंत. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, मदत करा पोरीला. आणि लावायची एवढी हौस असेल तर माझं डाळींचं कपाट लावून द्या की." दुसऱ्या दिवशी तुम्ही ते खरंच लावून दिलंत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवून. त्यानंतर महिनाभर आईला मोहरी सापडली नाही. ती ही गोष्ट येईल त्याला सांगायची आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

आई आजारी पडली ती दोन वर्षं. रोज जेवणानंतर तुम्ही त्या कम्प्युटरवर एक पान लिहायचात. ती गेली त्या दिवसाचं लिहिलंत आणि थांबलात. पुढे रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसायचात आणि त्याच तारखेचं जुनं पान उघडून वाचायचात. मी ओहायोहून आले की पाठमोरे दिसायचात. एकदा विचारलं, "बाबा, काय वाचता एवढं रोज?" तुम्ही म्हणालात, "काही नाही गं. आईच्या औषधांच्या नोंदी." मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोपं होतं.

मग त्या थँक्सगिव्हिंगला मी नवा लॅपटॉप घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "अगं, चालतंय की माझं. मोडलं कुठे आहे?" मी म्हटलं, "उद्या बंद पडला तर याचे पार्टसुद्धा मिळणार नाहीत." इथवर मी बरोबर होते, यात आजही मागे हटणार नाही. पण नुसत्या फाइल्स लॅपटॉपवर हलवून गप्प बसेन तर मी कसली. जिथे तिथे शहाणपण शिकवायची खोड. "फोल्डर-बिल्डर आता कोणी करत नाही, बाबा. सगळं एका जागी टाकायचं आणि सर्च करायचं." तुम्ही हातातल्या फडक्याने ओटा पुसत होतात. "प्रत्येकाला आपली जागा नको का?" असं विचारलंत. मी म्हटलं, "शोधता येतं ना? मग जागा कशाला?" तुमच्या चोवीस महिन्यांचे चोवीस फोल्डर एकेक करून उघडले आणि सगळी पानं एका फोल्डरमध्ये ओतली. पानं वाचता यावीत म्हणून तुमचा जुना मराठी फॉन्ट लॅपटॉपवर बसवून दिला. एअरपोर्टला जाताना जुना कम्प्युटर आणि फ्लॉपींचा डबा गाडीत घालून रिसायकलिंगला देऊन टाकला. तुम्ही दारात उभे राहून हात केलात.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. "अगं, जुनी काही पानं दिसत नाहीयेत." मी गाडीत होते, ऑफिसला उशीर झाला होता. म्हटलं, "सर्चमध्ये टाइप करा." तुम्ही म्हणालात, केलं, काही येत नाही. म्हटलं, "मग तो फॉन्टचा प्रॉब्लेम. सर्चला तुमचा जुना फॉन्ट कळत नाही. फाइल्स आहेत तिथेच, जातात कुठे?" चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी मी फॉन्टला दिली. पुढच्या रविवारी मीच विचारलं, तर म्हणालात, "मिळालं, मिळालं सगळं. तू काळजी करू नकोस." त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. तो विषय परत कधी निघाला नाही.

तुम्ही गेल्यावर लॅपटॉप माझ्या बेसमेंटमध्ये पडून राहिला. ट्रायलसाठी जुन्या फाइल्स हव्या होत्या म्हणून परवा तो वर आणला. म्हटलं, तुमची पानं सातशेच्या वर असतील, चांगली परीक्षा होईल. मोजली तर बत्तीस. तुम्ही प्रत्येक पानाला फक्त तारखेचा आकडा दिला होता. वर्ष आणि महिना फोल्डरच्या नावात, आणि फोल्डर मी मोडलेले. एका महिन्याच्या एक तारखेवर दुसऱ्या महिन्याची एक तारीख बसली, तिच्यावर तिसऱ्याची. चोवीस महिने असे एकमेकांवर बसले आणि जिवंत राहिलं ते सगळ्यात शेवटचं. आई गेली त्या महिन्याचे एकोणीस दिवस, आणि त्याच्या आधीच्या महिन्याचे वीस ते एकतीस. "पाणी दोन चमचे. बोलली नाही." "कूस बदलून दिली. ओळखले नाही." तिसऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं, आईबद्दल काय लिहिलंय? त्याने ताबडतोब सांगितलं की या महिनाभरात रुग्णाची प्रकृती खालावत गेलेली दिसते.

तीन वर्षं रोज सकाळी चहाबरोबर तुम्हाला फक्त मरणारी आई वाचायला मिळाली. आणि ते मी केलं.

पण एकतीसच उरायला हवी होती ना? बत्तीस तारीख कुठल्या महिन्यात असते? ते पान तुम्ही नव्या लॅपटॉपवर लिहिलेलं होतं, मला 'मिळालं' म्हणालात त्याच रविवारी. "बाकीची पाने गेली. पोरीला कळू देऊ नये, जिवाला लावून घेईल. आठवेल तसे लिहून ठेवतो. नर्सची नक्कल करून दाखवली, तो बहुधा मार्च. कैरीचे लोणचे मागितले, डॉक्टरांना न विचारता दिले. मोहरीची गोष्ट पुन्हा सांगितली, पुष्कळ हसली." त्याच्या खाली एकच ओळ. "पुढचे क्रमाने आठवत नाही."

मला तुमचा राग येतोय बाबा, अजूनही येतोय. रिपोर्ट हरवला तेव्हा सातवीतल्या पोरीला बोललात, आणि आई हरवली तेव्हा चाळिशीतल्या बाईला सांभाळून घेतलंत. तेव्हाच ओरडला असतात तर तो कम्प्युटर कुठल्या तरी गोदामातून शोधून आणला असता, निदान रिसायकलिंगच्या दारात जाऊन बसले असते. तुम्ही माफ करून टाकलंत आणि मला विचारलंही नाहीत. तुमच्या मोठेपणाचं मी आता काय करू?

ऑफिसात मी दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कळवलंय. हे पत्र कुठे जायचं नाही. ३३ असं नाव देऊन तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवतेय. एक मात्र सांगायचं राहिलं. चुकून झालं असं मी कालपासून घरात सगळ्यांना सांगतेय, पण तसं नाही. त्या दिवशी दर फोल्डरला कम्प्युटरने मला विचारलं होतं, या नावाची फाइल आधीच आहे, ती पुसून ही ठेवू का? तेवीस वेळा विचारलं. पहिल्यांदा मी तो प्रश्न नीट वाचला होता, आणि मला कळलाही होता. मला वाटलं, औषधांच्या नोंदी तर आहेत, एवढ्या कशाला लागतात म्हाताऱ्या माणसाला.