पान झाकल्यावर

ताई,

रागावू नकोस, पण माझा संशय तुझ्यावरच आहे.

यंदा माझ्याकडे पाचवी आहे. पहिल्या बाकावरची मुलगी धडा घडाघडा वाचते. काल मी सहज तिच्या पुस्तकावर हात ठेवला, तरी ती वाचतच राहिली! मग त्याच धड्यातले चार शब्द फळ्यावर लिहिले, तर एकही वाचता येईना.

चौथीच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आली तीच अशी." तिसरीच्या सरांनीही हात झटकले. दुसरीला तर मीच होते. मग उरलीस तू, पहिलीची. तपासणीआधी मुलांकडून धडे पाठ करून घ्यायची तुझी खोड मला ठाऊक नाही का? तू निवृत्त होऊन मोकळी झालीस, निस्तरतेय मी.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज शेवटी तिलाच विचारलं, "असं वाचायला कोणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, बाई. दुसरीत. साहेब येणार होते तेव्हा. म्हणालात, ओळीवरून नुसतं बोट फिरव, कोणाला कळत नाही."

हे पत्र मी टाकणार नाही. पण काल सगळ्या शिक्षकांसमोर मी तुझं नाव सांगून बसलेय, आणि सगळ्यांना ते पटलंय.

तुझी,
धाकटी