मीटर वाचणारी

छत्रपती संभाजीनगर
रविवार, १९ मे २०२४

प्रिय चारू,

पाकीट बघून आधी हसशील. हातात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, म्हणशील. सांगते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी काही कबूल करायला तोंड उघडलं की तू ‘जाऊ दे गं, संस्कृती’ म्हणून मोकळी होतेस, आणि मग मीही मोकळी होते. या खेपेला मला तसं सुटायचं नाही. आज दुकान बंद आहे, आत्या आत झोपलीय, बाहेर ऊन मी म्हणतंय. मी लिहायला बसलेय. मधे पाणी प्यायला उठलीस तरी चालेल, पण परत येऊन शेवटपर्यंत वाच.

आधी खुशाली. परवा नवव्या दिवशी नळाला पाणी आलं. तू गाव सोडलंस तेव्हा बीड बायपासला ज्वारीची रानं होती ना, तिथं आता दहा-दहा मजले उभे राहिलेत आणि प्रत्येकाच्या दारात टँकर. द्वारकाआत्या गॅलरीतून बघते आणि म्हणते, ‘गाव लई वाढलं गं, पाणी काय वाढलं नाय.’ माझं सिडकोतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. दोन टेबलं, चांगला मायक्रोस्कोप, पाटीवर माझं नाव. देवगावहून दादा आले तेव्हा पाटीखाली उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, आमच्या पोरीचं आहे म्हणून. हे वाचून तुला खराखुरा आनंद होणार, मला माहितेय. तुझी हीच गोष्ट मला कधी सहन झाली नाही.

होय, चारू. मी तुझ्यावर जळत होते. पहिल्या दिवसापासून. गुलमंडीच्या त्या अरुंद जिन्यावरून आपण दोघी एकाच आठवड्यात बद्रीनाथकाकांच्या दुकानात कामाला लागलो. तू समर्थनगरातून स्कूटीवर यायचीस, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी पुंडलिकनगरातून शेअर रिक्षात, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. कारण सकाळी सातला टँकर यायचा आणि तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे कॅन चढवायला घरात मी एकटीच धडधाकट. चौदा-चौदा खेपा व्हायच्या. तुमच्या बोअरला मात्र आठ वर्षांमागच्या त्या भयंकर उन्हाळ्यातसुद्धा पाणी होतं. सगळ्या गल्लीच्या बोअर आटल्या, तुमची नाही! मला वाटायचं, देवसुद्धा हिच्याच घरचा.

पाण्याचं एवढं लांबण लावतेय ते उगाच नाही. कॅन वाहून वाहून माझे हात दुपारपर्यंत थरथरायचे. तू कधी बोलली नाहीस, पण तुला दिसायचं. बायोसची चिप म्हणजे केवढी, करंगळीच्या नखाएवढी, तिला आठ पाय, आणि त्यातल्या नेमक्या एकावर प्रोबचं, म्हणजे मीटरच्या सुईचं, टोक टेकवायचं. शेजारच्याला लागलं की संपलं. आत्या विचारायची, काय करता गं दिवसभर? मी सांगायचे, आत्या, कॉम्प्युटरला चालू होताना पहिलं काय करायचं ते त्या एवढ्याशा चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते बिघडलं की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो. मग आम्ही जुनं लिहिलेलं वाचून जपून ठेवतो, चिप पुसतो, नीट करून परत लिहितो. आत्या म्हणायची, ‘म्हंजे पाटी-पेन्शिलच की.’ पण त्या पाटीला हात तुझाच लागायचा. प्रोब तू धरायचीस, नजर चिपवर. मीटर मी वाचायचे. ‘प्रोब धरणारीनं वर बघायचं नाही,’ हा काकांचा नियम, ‘मीटरवाली सांगेल ते खरं.’ मी तुझे डोळे होते म्हण ना. आणि काका येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘क्या हाथ है पोरीचा!’ डोळ्यांचं कौतुक कुणी करत नाही.

तो मार्चमधला बोर्ड तुला आठवत नसेल. मला रोज आठवतो. तीन दिवस माझ्या टेबलावर होता. चिपला चिमट्यासारखी ती क्लिप लावली तर पडद्यावर चिपचं नावच येईना. क्लिप घासली, वायर बदलली, चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, तो प्रोग्रामर, तोही दुसरा आणला. मग कधी नाव यायचं, पण दोनदा वाचलेलं एकमेकांशी जुळायचं नाही, आणि जुळल्याशिवाय पुसायचं नाही हे तर आपल्याला काकांनी घोटूनच घेतलेलं. तिसऱ्या दिवशी तू डबा खाता खाता डोकावलीस आणि म्हणालीस, अगं, चिप बरी आहे, आपण तिला जी वीज देतोय ती सगळी बोर्डच पितोय; तुमच्या इमारतीत खालच्यांनी नळाला मोटर लावली की तुमच्याकडं थेंब तरी चढतो का? हात धुऊन आलीस, चिपचा आठवा, वीज येते तो पाय बोर्डापासून केसभर उचललास, क्लिप लावलीस. दोन्ही वेळचं वाचलेलं जुळलं. मग उरलेली पोळी खाल्लीस. माझ्याच इमारतीचा दाखला देऊन माझाच बोर्ड चालू केलास, आणि वर काकांना सांगितलंस की संस्कृतीनं निम्मं केलंच होतं. मी जिन्यात जाऊन रडले. तू मला चिडवलं असतंस तर बरं झालं असतं, मला तुझ्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात तू पाणी आणायला लागलीस. रोज स्कूटीच्या पायाशी एक कॅन, तुमच्या बोअरचा. आत्यानं तुझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. मी ते पाणी प्यायले, त्यात आंघोळ केली, आणि तुझ्यावर जास्तच जळले. असं कसं, मला विचारू नकोस. उपकाराचं ओझं म्हण, नाहीतर माझा स्वभावच नासका म्हण.

मग हैदराबाद निघालं. सहा महिन्यांचं शिक्षण, जागा एक. काकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, चारुता जाईल. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचं चुकलं नव्हतं, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पण मी त्या रात्री आत्याला म्हटलं, हिला घरी सगळं आहे, हिला कशाला हवंय? मला इथून परत देवगावला जाऊन कापूस वेचावा लागेल. आत्या म्हणाली, ‘तिचं तिच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी.’ मला ते ऐकायचं नव्हतं.

आता ज्यासाठी बसलेय ते लिहिते. एप्रिलचा शेवट, दुपारचे बारा. वाळूजच्या फकिराभाऊंच्या वर्कशॉपचा बोर्ड आला. पत्रा कापायच्या मशीनचा. अपडेट चालू असताना लाइट गेलेली. तसला बोर्ड बाजारात मिळत नव्हता, आणि मशीनच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या चिपमधल्या नंबरवर बांधलेला. म्हणजे जुनं लिहिलेलं काहीही करून वाचवायचंच. तू बोर्डाला वीज दिलीस, काळा प्रोब स्क्रूवर ठेवलास, लाल प्रोब चिपच्या आठव्या पायावर. मान खाली. चिपला किती व्होल्ट मिळतात ते आधी बघायचं होतं. थ्री पॉइंट थ्री असेल तर प्रोग्रामर सरळ लावायचा, वन पॉइंट एट असेल तर मधे तो हिरवा अडॅप्टर घालायचा, नाहीतर चिप जळणार. तू विचारलंस, किती?

मीटरवर वन पॉइंट सेव्हन नाइन होतं, म्हणजे वन पॉइंट एटच. आकडा हलत नव्हता. मी म्हटलं, थ्री पॉइंट थ्री.

ठरवून नाही म्हटलं, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. तोंडातून निघून गेलं असेल, मान्य. पण त्यानंतर तू वीज काढलीस, क्लिप ब्रशनं साफ केलीस, नीट बसली का ते भिंगातून दोनदा बघितलंस, वायर खोचलीस. पुरतं एक मिनिट गेलं. अडॅप्टर माझ्याच खणात होता. माझा हात खणाच्या कडीवर होता, चारू. मी ती कडी ओढली नाही. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, तुझ्या हातून काहीतरी वाया जावं आणि काकांनी ते बघावं. तू चिपला बोट लावलंस आणि चटका बसून मागं घेतलंस; चिप जळाली होती, आतलं सगळं गेलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला ते चुकीचं ठाऊक आहे. तू काकांना सांगितलंस, माझा प्रोब सरकला असणार, शेजारच्या कशावर तरी टेकला असणार, म्हणून आकडा चुकीचा आला. मीटर वाचणारी खोटं बोलली असेल असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. काका रागावले असते तर परवडलं असतं. ते फकिराभाऊंची माफी मागायला स्वतः वाळूजला गेले. आणि तू त्या दिवसापासून हाताकडं बघायला लागलीस. प्रोब धरायच्या आधी बोटं ताणून बघायचीस. तुझे हात थरथरायला लागले! कॅन न वाहता. जूनमध्ये तू हैदराबादला नाही म्हणालीस, ती जागा मला मिळाली, दिवाळीआधी तू दुकान सोडलंस, आणि स्टेशनवर मला सोडायला आलीस तेव्हा वाटेत खायला धपाटे दिलेस. मी ते हैदराबादपर्यंत खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत.

तर ऐक. तुझा हात सरकला नव्हता. तुझा प्रोब आठव्या पायावरच होता, मी बघत होते. मीटर बरोबर होतं, तू बरोबर होतीस. नाशिकला आठ वर्षं तू पोरांना कॉम्प्युटरचे धडे दिलेस, स्क्रूड्रायव्हरसुद्धा हातात धरला नाहीस, ते सगळं माझ्या एका शब्दापायी. आणि तरी माझी जळजळ गेली नाही. मी हैदराबाद करून आले, दुकान टाकलं, तरी काका अजून नव्या पोरींना तुझंच उदाहरण देतात. मी समोर बसलेली असताना देतात.

आता हे आजच का लिहितेय ते. गुरुवारी तुझा फोन आला. तुझ्या नवऱ्याची, विश्वजितरावांची, इथल्या शेंद्र्याला बदली झाली, पुढच्या महिन्यात येतोय, म्हणालीस. आणि मग हळूच म्हणालीस, मला तुझ्या दुकानात बसवशील का? प्रोब तूच धर, मी नुसतं मीटर वाचेन, माझ्या हाताचा काही भरवसा नाही. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरंच झालं, ही मीटरच वाचेल, म्हणजे गिऱ्हाइकांना हिचा हात दिसायचा नाही. आठ वर्षांनी, माझ्या नावाच्या पाटीखाली बसून! मला माझीच किळस आली. काल गुलमंडीला गेले आणि काकांना सगळं सांगून आले, म्हणजे हे पत्र फाडून टाकायची सोय राहू नये. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला बस म्हणाले नाहीत. मी जिना उतरायला लागले तेव्हा मागून म्हणाले, तिला लिही, टेबल रिकामं आहे. तेव्हा तू माझ्याकडं येऊ नकोस. काकांकडं जा, आणि प्रोब तू धर. मला माफ करायची घाई करू नकोस, नाही केलंस तरी मी तुला बोल लावणार नाही. तू तिथं बसलीस की वर्षाच्या आत माझी निम्मी गिऱ्हाइकं तो जिना चढायला लागतील, मला पक्कं ठाऊक आहे, आणि नुसतं लिहितानासुद्धा पोटात दुखायला लागलंय. दुखू दे. तू जा.

अजूनही म्हणवून घेणार असशील तर तुझीच,
संस्कृती