कु. अपेक्षाचे ओठ आहेत तिथेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
भीमातीर दंत महाविद्यालय व रुग्णालय,
सोलापूर.

अर्जदार : सौ. गुरम्मा बसलिंगप्पा कलशेट्टी, वय ४१, काम – शाळेच्या गणवेशांचे कटिंग, रा. जुळे सोलापूर.

विषय : मुलगी कु. अपेक्षा हिचे चार निरोगी दात काढण्यास नकार, व ओठांना हात न लावता दात सरळ करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) तारांच्या विभागाचा केसपेपर, दि. ९ जून २०२५.
२) संमतिपत्र, सही न केलेले.

महोदय,

वरील विषयी अर्जदार आपणांस सविनय कळवू इच्छिते. यातला 'सविनय' हा शब्द लेखनिकाने घातला आहे, अर्जदाराने नाही. अर्जदार रागात आहे, आणि राग घरी ठेवून न येता सोबत घेऊनच आली आहे, हे पहिल्याच ओळीत लिहावे असा तिचा आग्रह होता. लेखनिकाने समजावून पाहिले व हात टेकले.

१. अपेक्षा पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. तिचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढले आहेत, एवढ्याचसाठी अर्जदार तिला जूनमध्ये आपल्याकडे घेऊन आली. विभागातील डॉ. वैदेही यांनी बाजूने एक्स-रे काढला, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने मुलीचे नाक, ओठ, हनुवटी उतरवून घेतली, आणि सुळ्यांच्या मागचे चार दात काढावे लागतील असे सांगितले. दात किडलेले नाहीत, हलत नाहीत, दुखत नाहीत. डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, "दात सरळ करायला जागा आहे हो. पण ओठ पुढे आहेत ना, ते मागे घ्यायचे तर हे चार काढायला हवेत." सोमवार दि. १८ ऑगस्टला सकाळी दहाची वेळ दिलेली आहे. तोवर सही न केल्यास फाइल बंद, म्हणजे तारा पण नाहीत, असे विभागाचे म्हणणे आहे.

२. ओठ पुढे हे कशावरून, असे विचारले असता डॉक्टरांनी नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ ओढून दाखवली. ओठ या रेघेच्या आत पाहिजेत. अपेक्षाचा खालचा ओठ साडेतीन मिलिमीटर बाहेर निघाला. त्यावर अर्जदाराने एकच प्रश्न केला : माप कुणाचं? पुस्तकातलं, असे उत्तर आले. पुस्तकात कुणाचं? डॉक्टर प्रामाणिक आहेत, खोटे बोलल्या नाहीत. परदेशातल्या लोकांचं, आपल्याकडच्या लोकांची मापं वेगळी निघतात हे माहीत आहे, पण विभागाचा छापील तक्ता हाच आहे, असे त्या म्हणाल्या. हे ऐकून अर्जदाराच्या डोक्यात तिडीक गेली.

३. तिडीक का गेली ते सांगणे भाग आहे. अर्जदार एकोणीस वर्षे गणवेश कापते. तीन वर्षांपूर्वी मालकांनी बाहेरगावच्या कुठल्याशा कंपनीचा मापांचा तक्ता आणून दिला आणि त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा बनवायला सांगितला. चारशे शर्ट कापले. शाळेत नेऊन पोरांना घातले तर खांदे कोपरापर्यंत उतरले. मग अर्जदार टेप घेऊन स्वतः शाळेत गेली, पोरे रांगेत उभी केली, मापे घेतली आणि फर्मा फाडून नवा केला. पोरांचे खांदे ओढून लांब करावेत असे त्या दिवशी कुणालाही सुचले नव्हते, आणि मालक काही फार शिकलेले नाहीत.

४. तरी कुणी म्हणू नये की बाई नुसतीच भांडते. जुलैत अक्कलकोटला नणंदेच्या नातवाच्या बारशाला अर्जदार सहा इंची पट्टी घेऊन गेली. पद्धत सोपी आहे : पट्टीचे एक टोक नाकाच्या शेंड्याला लावून दुसरे हनुवटीकडे न्यायचे. हनुवटीला टेकण्याआधी ओठांनी पट्टी अडवली तर माणूस रेघेबाहेर. एकूण एकसष्ट माणसे तपासली. चौपन्न जणांनी पट्टी अडवली. उरलेल्या सातांपैकी चौघांच्या तोंडात दातच राहिलेले नाहीत, आणि तिघांचे हसणे थांबेना म्हणून माप घेता आले नाही. आपल्याच केसपेपरच्या खिडकीवरील कारकुनांनीही गेल्या आठवड्यात पट्टी मागून घेतली. ते रेघेबाहेर आहेत. हा अर्ज लिहिणाराही बाहेर आहे. तेव्हा चार दात काढायचे असल्यास आधी अर्धे अक्कलकोट काढावे लागेल, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

५. हे कलम गाळावे, याने बाजू कमजोर होते, असे लेखनिकाने सुचवले होते. अर्जदाराने ऐकले नाही. चूक अर्जदाराची पण आहे. ९ जूनला खिडकीवर वीसेक माणसांची रांग होती. रांगेतल्या एक बाई अपेक्षाकडे बघून म्हणाल्या, "पोरगी लई देखणी हाय की!" परक्या माणसाने पोरीला चांगले म्हटले की आईने लगेच काहीतरी वाईट बोलून टाकायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही, ही अर्जदाराच्या घरची रीत आहे. अर्जदाराची आई नागव्वा हिने पाहुण्यांसमोर अर्जदाराला जन्मभर काळुंद्री म्हटले आणि पाहुणे गेल्यावर जवळ घेतले. त्याच सवयीने अर्जदार बोलून गेली, "कसली देखणी! तोंड बघा की केवढं पुढं हाय." कारकुनांनी त्याच वेळी तक्रार विचारली होती. त्यांनी ऐकले ते टाइप केले : 'तक्रार – तोंड पुढे असणे.' दातांचे नावही त्यात नाही. डॉक्टरांनी तेच वाचले, आणि पुढचा सगळा बेत त्या एका ओळीवर उभा आहे.

६. ती ओळ मुलीनेही वाचली. घरात असले बोलणे ती हसण्यावारी नेत असे. पण कागदावर, शिक्क्यासह आणि मिलिमीटरमध्ये वाचल्यावर तिने ते खरे मानले. आता ती जेवताना तोंडावर हात धरते. शाळेच्या फोटोत तिने ओठ इतके आवळलेत की ओळखू येत नाही. अर्जदाराने समजूत घालायला घेतली तर म्हणाली, "आई, तूच सांगितलंस की." एकोणीस वर्षांत कापड चुकीचे कापले तर दुसरे आणता आले, हे तसे नाही. अर्जदाराला फार वाईट वाटले आणि अजून वाटते.

तरी अर्जदाराची मागणी खालीलप्रमाणे आहे. विनंती म्हणून वाचू नये.

अ) चारही दात जागेवर ठेवून, फक्त चढलेले दोन दात सरळ करण्याचा नवा बेत आखावा, व १८ तारखेला फाइल बंद करू नये. अर्जदाराची संमती तारांना आहे. तोंड बदलायला नाही.

ब) विभागाचा तक्ता बदलून आपल्याकडच्या माणसांच्या मापांचा लावावा. मापे देण्यास अर्जदाराचे नातेवाईक तयार असून सांगाल त्या दिवशी दोन टेम्पो भरून येतील.

क) केसपेपरवरील ती ओळ अर्जदार मागे घेत आहे. ती खोडून तिच्या जागी 'दोन दात एकमेकांवर चढलेले. मुलगी देखणी आहे.' असे टाइप करून शिक्का मारावा. नियमात बसत नाही असे कळवल्यास अर्जदार त्याच खिडकीसमोर, भरल्या रांगेत, तेच वाक्य मोठ्याने बोलेल, आणि पहिले बोलली होती त्याहून मोठ्याने बोलेल. दृष्ट लागली तर काढायला घरात मीठ-मोहऱ्या आहेत.

आपली
('नम्र' अर्जदाराने खोडले)

सही : गुरम्मा ब. कलशेट्टी
सोलापूर, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) संमतिपत्र, कोरे.
२) एकसष्ट माणसांची यादी, नाव व गावासह.
३) प्लास्टिकची पट्टी, सहा इंची, एक नग. निर्णय देण्यापूर्वी मा. अधिष्ठातांनी ती स्वतःच्या नाकाला व हनुवटीला लावून पाहावी. नंतर परत करावी, रोजच्या कामाची आहे.

अर्ज वाचून दाखवला, बरोबर असल्याचे अर्जदाराने सांगितले. वाचतेवेळी कु. अपेक्षा शेजारच्या बाकावर होती. 'क' ऐकून ती मोठ्याने हसली, आणि तोंडावर हात धरायचा राहून गेला.

धोंडीराम वाघमोडे, लेखनिक, सात रस्ता.