मशीन थांबलं न्हाई

फिजा बेटा,

सारोळ्याहून फोन आला, खालाची तब्येत बिघडलीय. रातभर जागून तू आत्ता झोपलीस, म्हणून तुला न उठवता निघाले. रात्री तिथंच राहीन.

तुझा कॉम्प्युटर चालूच हाय, घाबरू नको. तू म्हणाली हुतीस, आतला एक मूळ प्रोग्राम बदलला की त्याच्यावर उभे असलेले बाकीचे सगळे प्रोग्राम एकेक करून नव्यानं बांधायला लागतात, आणि मधीच लाईट गेली तर चालू असलेला परत पहिल्यापासून. दुपारी लाईट जाणार म्हणून कळलं, आणि तुझा यूपीएस तर दहा मिनिटंबी टिकत न्हाई. मग म्या अब्बांना फोन केला.

कापूरहोळचं दुकान तसंच टाकून, तिथला मोठा इन्व्हर्टर टेम्पोत घालून ते लगेच आले. तुझा यूपीएस त्याला जोडला. मी तुला उठवायला निघाले, तर म्हणाले, "झोपू दे पोरीला. मी बसतो."

गेल्या आठवड्यात याच मशीनवरनं तुमचं भांडण झालं. तवापासून तुमी बोलत न्हाई, ते मला दिसतंय. लाईट गेल्यापासून ते तिथंच बसून पडद्यावर पळणारी अक्षरं बघतायत.

कालवण-भाकरी झाकून ठेवलीय. त्यांनी अजून काय खाल्लं न्हाई, दोघांचं ताट वाढ. माफीबिफी मागू नको, ते लई अवघडतात. ती अक्षरं काय सांगतात तेवढं त्यांना समजावून सांग. मला सारखं विचारत हुते, आणि मला कुठं येतंय?

अम्मी