भाजलेल्या टोकांचे खांब

१८ मे
आज पोचले. मढपासून पुढे जीपने पाऊण तास, मग पायवाट. जीपवाल्या कुंडलिकभाऊंनी माझी पेटी डोक्यावर घेतली, खोलीपर्यंत आणली आणि म्हणाले, मॅडम, हितं रेंज न्हाई, टीव्ही न्हाई, सासू बी न्हाई, लई सुखात ऱ्हाल. मी किती तरी वेळ हसत होते.

रानबियांची ही रोपवाटिका आता माझ्याकडे. एक खोली, मागे वाफे, चहूबाजूंनी रान, आणि ओढ्यापलीकडे दहा-बारा घरांची वाडी. पावसाळ्यात इथे सिलिंडर येत नाही. म्हणून त्याआधी सरपण साठवायचं आणि ते ठेवायला खोप बांधायची, हे पहिलं काम. वाडीतली धडधाकट माणसं खाली बागायतीत कामाला गेलेली. मला इथे नेमणाऱ्या संस्थेच्या बाईंना मी म्हणाले, मी एकटी बांधीन.

लोणीच्या भागुजी सुताराची मुलगी आहे मी. लहानपणी दम्यामुळे शाळेत जाता आलं नाही, तेव्हा चौथीपर्यंत आप्पांनीच घरी शिकवलं. अक्षरं सुतारी पेन्सिलीने फळीवर गिरवली. रोजनिशीची सवयही त्यांनीच लावली. केलं ते लिहायचं, केलं नाही ते लिहायचं नाही.

२२ मे
खोपीसाठी जिवंत झाड तोडायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पडलेलं लाकूड शोधत ओढ्याकाठी गेले तर दगडांत अडकलेले सहा ओंडके सापडले. सरळ, जाड, पुरुषभर उंचीचे. प्रत्येकाचं एक टोक वीतभर काळं केलेलं. आप्पा खांबाचं जमिनीत जाणारं टोक असंच भाजून घेतात, म्हणजे वाळवी लागत नाही. कुणीतरी खांब तयार करून ठेवलेत, म्हणजे ते कुणाचे तरी आहेत. मी हात लावला नाही.

२३ मे
वाडीत विचारलं. दोन म्हातारे भेटले, दोघांना ऐकू येत नाही. ओढ्याकाठच्या घरातली झुंबरबाई लेकीकडे येडगावला गेली आहे. कुंडलिकभाऊ सामान घेऊन आले तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाले, वढ्यानं आणून टाकल्यात, आता काय वढ्याची सही घेता का? घ्या की!
घेतले. विचारून घेतले, हे इथे लिहून ठेवते.

२९ मे
सहा खड्डे गुडघाभर खोल. काळी टोकं खाली, दगड ठोकून घट्ट केले. हाताला फोड आले आहेत, पण खांब ओळंब्यात आहेत, अगदी सरळ. भिंतींना बारीक ओंडके आडवे, मधे वारा खेळायला फट. रेंज फक्त टेपाडावर येते, संध्याकाळी तिथे चढून आप्पांना फोन केला. त्यांनी विचारलं, टोकं भाजलीस का? मी म्हटलं, भाजलेलीच मिळाली. ते म्हणाले, नशीबवान आहेस.

४ जून
पत्रे चढवले. सरपण भरलं, एक थर उभा, एक आडवा, आप्पा रचतात तसं. दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी एकटीने उभं केलं.

१० जून
पाऊस दोन दिवस थांबला नाही. ढग वाफ्यांवर उतरले आहेत.
सकाळी सरपण आणायला गेले तर रास बदललेली. आडवे थर नाहीत. सगळी लाकडं लांबीला लावलेली, जाड खाली, बारीक वर, मधे जरा खोलगट. कडेला दोन-दोन टेकू. वाडीतल्या कुणी मदत म्हणून केलं असेल. पण चिखलात पाऊल नाही. माझी पावलं तेवढी, जातानाची आणि येतानाची.
मोडून पुन्हा माझ्या पद्धतीने रचली. दोन तास लागले.

११ जून
पुन्हा तशीच.
टेपने मोजली. लांबी सहा फूट.
आणखी एक गोष्ट. खांबांचा काळा भाग मी पूर्ण जमिनीत पुरला होता. आज सहाही खांबांवर काळं जमिनीच्या वर चार बोटं दिसतं. बुरशी असेल म्हणून खरवडलं. कोळसा आहे.

१३ जून
काळं गुडघ्यापर्यंत. धूर नाही, जाळ नाही. बाहेर सगळं लाकूड ओलं चिंब, आणि हे आतून जळत वर चढतं आहे. रास मी मोडत नाही आता. मोडून पाठ वळली की मागे लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज येतो. हळू ठेवल्याचा. कुणी झोपलेलं असताना ठेवावं तसा.
आमच्या घरात आप्पांनी भुताखेताचं बोलणं कधी चालू दिलं नाही. मी ते लिहिणार नाही. दिसलं तेवढंच लिहिते.

१५ जून
झुंबरबाई येडगावहून परतली आणि दुपारी ओढा ओलांडून आली. खोप बघून हसली, बाईमाणसानं बांदली व्हय, म्हणाली, आमच्या गड्यांना दाखवाया पायजे. मग खांबाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ही लाकडं कुटं घावली, विचारलं. मी सांगितलं.
ती तिथेच खाली बसली.
मागच्या आषाढात तिचा दीर सावळेराम गेला. ओढ्याकाठी सरण रचलं. वर पत्रे धरले, रॉकेल ओतलं, तरी आग विझली आणि लोंढा आला. अर्धं जळालेलं सगळं घिऊन गेला बघ, म्हणाली. मानूस घावला न्हाई. लाकडं तेवढी ऱ्हायली.
मी विचारलं, म्हणजे तो आला आहे का?
ती म्हणाली, त्यो कशाला येतो, गरीब व्हता बिचारा. आग आली. अर्धी ऱ्हायली ना, पोरी. त्याला तर वढ्यानं नेला. आता ती कुनाला मागंल?
आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, म्हणत होती. मी म्हटलं, उद्या येते. वाफे झाकायचे आहेत आणि बाईंना कळवल्याशिवाय जागा सोडता येणार नाही.

१६ जून
रात्रभर कोसळला. ओढ्यावर पाणी. पलीकडे झुंबरबाई छत्री घेऊन उभी होती. हातानेच सांगत होती, येऊ नको. टेपाडाची वाट खचली आहे. बाईंना कळवता आलं नाही. कालच जायला हवं होतं.

१७ जून
रास आखूड झाली आहे.
सहा फुटांची होती. आज मोजली. दोनदा मोजली. पाच फूट एक इंच.
माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

१८ जून
ठरवलं, खांब उपटून ओढ्यात सोडायचे. पहारीने एक उकरला. मातीखालचं टोक लाल होतं. निखाऱ्यासारखं लाल, खड्ड्यात पाणी भरलेलं असताना. पाणी उकळत होतं. पहार टाकून पळाले.
काळं आता माझ्या छातीपर्यंत —

१९ जून
कुंडलिकभाऊ पलीकडे आले. ओरडून सांगितलं, दोर आणतो मॅडम, उद्या काढतो, दार लावून बसा. मी बसते आहे. दिवसभर आवाज. लाकडावर लाकूड.
जेवले नाही. चूल पेटवायची नाही.
दुपारी जाग आली तेव्हा खोपीच्या दारात उभी होते. हातात काडेपेटी. मी आणली नव्हती. म्हणजे — आणल्याचं आठवत नाही. ओढ्यात फेकली. हे मी केलं, म्हणून लिहिते.

२० जून
पाय दोरीने बाजेला बांधले. सुटायला वेळ लागेल अशी गाठ. दार आतून बंद. आता बाजेवरून उठायचंच नाही. कुंडलिकभाऊ येईपर्यंत लिहीत राहायचं, म्हणजे जागी राहीन.
पाऊस. पाऊस.
माणसं आली. पलीकडून हाका. कुंडलिकभाऊंनी दोर टाकला बहुतेक. झुंबरबाईचाही आवाज. ती ओरडते आहे, उतर खाली. पोरी, उतर खाली!
कुठून उतरू? मी बाजेवर आहे.
पुन्हा तेच. उतर, उतर म्हणते, रडते आहे. तिला मी दिसते कशी? दार तर बंद —
बाज टोचते आहे पाठीला. हात फिरवला. साल आहे. लाकडाची साल. दोन्ही बाजूंना टेकू.
घाबरायचं नाही. उतरायचं. दोरी सोडायची, आधी उजवा पाय —
इथे कोरडं आहे. इतक्या दिवसांनी पाय कोरडे. ऊब आहे तळव्यांना.
ओंडक्यांच्या फटीतून दिसतं, कुंडलिकभाऊ पाण्यात उतरले. येतील. मी गाठ सोडते आहे, सुटत नाही, माझीच गाठ, एक हात वहीवर आहे तो आता —