गुण्याशिवाय चौरंग

२ नोव्हेंबर

...आणि तेच तर मी काल जेवताना सांगत होतो, पण ऐकतंय कोण. कट वाकडा आला तर चूक माझी नाही, लाकडाची आहे. यूट्यूबवरचे गोरे लोक काय मस्त क्रॉसकट मारतात! त्यांचं लाकूडच शिस्तीत वाढलेलं असतं. आपलं सोलापूरच्या उन्हात तापलेलं, चिडकं.

असो. सिद्धेश्वरीताईचा साखरपुडा २३ ला. ओटी भरताना ती ज्या चौरंगावर बसणार तो मी करतोय. ताईनंच सांगितलं. वर सासरी फोन करून टाकला की माझा भाऊ स्वतः करतोय. बाबा म्हणाले, चौरंग मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळतो. व्हिजनच नाही.

संकल्प: प्रत्येक कट परफेक्ट नव्वद डिग्री.

५ नोव्हेंबर

चार पाय कापले. चारही एकदम स्क्वेअर. फक्त उभे राहत नाहीत. गच्चीला पाणी जायला उतार दिलाय, त्यामुळे. बिल्डरची चूक.

८ नोव्हेंबर

वळसंगहून शंकरप्पामामा आला. एक पाय हातात घेतला, एक डोळा मिटला आणि आईला म्हणाला, अक्का, ह्यानं गुण्या लावल्याला दिसत न्हाई. मी म्हटलं, मला कुणाला लावायची गरज नाही, मी एकटा करतो. मामा म्हणाला, एकट्यानंच कर की, पर गुण्या लावून कर.

कोण हा गुण्या? मामाच्या ओळखीतला सुतार असणार. माझ्या प्रोजेक्टमध्ये आपला माणूस घुसवतोय.

९ नोव्हेंबर

आईला सहज विचारलं, गुण्या कसा आहे. आई एकदम हळवी झाली. म्हणे, आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, लई जीव त्याच्यावर. आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. पन्नास वर्षं झाली असतील त्याला, पण मामा म्हणतो अजून बरोब्बर नव्वद दाखवतो.

पन्नाशीत नव्वदचा दिसतो! माझं मशीन काय उचलणार हा?

आई म्हणाली, हवा तर मामा पाठवेल. मी क्लिअर सांगितलं: येऊ दे, पण माझ्या टूल्सना हात लावायचा नाही. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. इम्प्रेस झाली असावी.

१३ नोव्हेंबर

पाय जोडले. एक लांब निघाला, तो कापला. मग तो आखूड झाला, म्हणून उरलेले तीन कापले. मग त्यातले दोन आखूड. प्रोफेशनल लोक याला इटरेशन म्हणतात.

१५ नोव्हेंबर

मामाचा फोन. गुण्या एसटीनं धाडलाय, कंडक्टरकडं सोपवलाय, नीट आण, पाडू नको म्हणाला. स्टँडवर गेलो. वळसंगची गाडी आली, सगळे उतरले, नव्वदचा दिसणारा एकही नाही. कंडक्टरला विचारलं, गुण्या आलाय का. त्यानं पेपरात गुंडाळलेलं, कोपरासारखं वाकडं काहीतरी पुढं केलं. मी म्हटलं, ओ, सामान नकोय, माणूस कुठाय? तो म्हणाला, माणूस कुणी दिला न्हाई बाबा, घ्यायचं तर घ्या, न्हाई तर माघारी नेतो.

म्हणजे स्वतः आला नाही, सामान पुढं पाठवलं! मी घेतलं नाही. स्वाभिमान म्हणून काही असतं की नाही?

१७ नोव्हेंबर

मामा आईला फोनवर म्हणाला म्हणे, तुझ्या पोराला आप्पांचा गुण्या नको असंल तर ऱ्हाऊ दे. आई माझ्याशी बोलत नाही. एका नोकरासाठी एवढं?

२१ नोव्हेंबर

चौरंग रेडी. ताईनं बघितला आणि विचारलं, हा पाट आहे का? मी म्हटलं, लो-प्रोफाइल चौरंग आहे, सध्या हेच चालतं. तिनं हातानं दाबून पाहिला. डुलला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, चालेल रे. मी बसेन यावरच.

हा खरा विश्वास.

२३ नोव्हेंबर

ताई बसली. मी समोर मोबाईल धरून शूट करत होतो. सासूबाई ओटी भरायला वाकल्या, चौरंग कलला, नारळ ओटीतून घरंगळत बाबांच्या पायाशी गेला. नवरदेवाच्या आत्यानं विचारलं, हा कुणी केला गं?

ताई म्हणाली, भाड्यानं आणलाय.

व्हिडिओत तिचा आवाज स्वच्छ आलाय.

जेवणं झाल्यावर मामानं पिशवीतून एक काटकोनातलं हत्यार काढलं. लाकडी मूठ, त्यात लोखंडी पट्टी. ते चौरंगाच्या पायाला लावलं. फटीतून पलीकडचा मंडप दिसला. मामा म्हणाला, भाच्या, ह्यो आप्पांचा गुण्या. ह्याला जेवायला वाढू नको, नुसता लाव. ताईच्या सासरचेही हसले. आई नाही हसली. तिनं गुण्या पदरानं पुसला आणि आत नेला.

आता, हत्याराला माणसाचं नाव ठेवायचं आणि इंग्लिश मीडियमवाल्याला हसायचं, यात माझी काय चूक? आणि ताई तसं बोलली ते चौरंगाला दृष्ट लागू नये म्हणूनच, मला खात्री आहे. फक्त तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाहीये. कुणीही तटस्थ माणसानं सांगावं: ‘भाड्यानं आणलाय’ हे तिनं मला वाचवायला म्हटलं, की स्वतःला?