ओला पट्टा

ती. सासूबाईंस,
बदलापूरहून वनिताचा वाकून नमस्कार.

ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनची जखम भरत नव्हती, ती बुरशीमुळे असं तपासणीत निघालं. असं क्वचितच होतं म्हणे. औषध लागू पडलंय. स्वामीकृपेने जखमेतून पाणी येणं थांबलं, जेवणही नीट जातंय.

तुमचा गुडघा कसा आहे?

एक कबूल करायचंय. ऑपरेशननंतर छातीला आधाराला बांधायचा पट्टा दुसरा न घेता मी एकच धुऊन दमटच बांधत होते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, “त्यानेच झालं असं नाही, पण यापुढे कोरडाच बांधा.” हे हसले, “तरीच छातीला एवढा गारवा!”

आईला कळवू नकोस म्हणतात. पण लेक तुमचा आहे. रागवायचं असेल तर माझ्या नंबरवर फोन करा, ह्यांच्या नको.

तुमची सून,
वनिता